मागची खोली कुणासाठी

४ फेब्रुवारी

ताई,

आज दादांनाही वेगळं पत्र टाकलंय. त्यात जे लिहिलेलं नाही ते तुम्हाला सांगते, म्हणजे तुमच्या तोंडून चुकून काही निसटायला नको.

आम्हाला एक घर सापडलंय. जुनं, रया गेलेलं, म्हणूनच आमच्या आवाक्यातलं. तळमजल्यावर मागे एक खोली आहे, तिला लागूनच बाथरूम, मध्ये एकही पायरी नाही. ती खोली बघितली आणि मी तुमच्या भावाला तिथल्या तिथे म्हटलं, ही दादांची. त्यांचं ते दुसऱ्या मजल्यावर एकटं राहणं, डिसेंबरात बाथरूममध्ये पडणं, वर 'मला काही झालेलं नाही' म्हणून आपल्यालाच दटावणं, हे सगळं ती खोली बघताना आठवलं.

तुमच्याकडे यायला ते तयार नाहीत. आमच्या भाड्याच्या दीड खोलीत तर जागाच नाही. 'मी कुणाकडे पाहुणा म्हणून दिवस काढणार नाही' हे पालुपद तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल. आत्ता सांगितलं की ही खोली तुमच्यासाठी, तर ते नसलेले दोष हुडकून काढतील आणि घरच नापास करतील. बरं, त्यांनी हो म्हटल्याशिवाय घर घ्यायची आमची छाती नाही. बँकेसाठी घरं तपासण्यात ज्यांचा जन्म गेला ते सासरे घरचेच असताना परक्याला विचारायचं कशाला? तेव्हा आधी त्यांच्याकडून घर पास करून घ्यायचं, खोलीचं नंतर बघू. तोपर्यंत तोंडाला कुलूप लावा, प्लीज.

तुमची भावजय


४ फेब्रुवारी

दादा,

नमस्कार. फोनवर तुम्ही 'हं, हं' करता आणि नंतर ताईंना विचारता, 'ती काय म्हणत होती गं?' म्हणून सगळं लिहूनच कळवते. फोटो पाठवणार होते, पण तुम्ही म्हणणार, फोटोत ओल दिसत नाही.

तर घर. बाजारामागच्या गल्लीत आहे. एका बाजूला लाँड्री, दुसऱ्या बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, दोन्हींना भिंती चिकटलेल्या. अरुंद आहे पण आत लांब जातं. पुढे रस्त्याला लागून मोठी खोली, तिला दोन उंच खिडक्या, लाकूड असं की हात फिरवत बसावं. मग जिना, मग स्वयंपाकघर, मग मागची खोली आणि बाथरूम. वर दोन खोल्या. जिन्याचा कठडा इतका सुंदर आहे दादा, की मी दोनदा नुसतंच वर-खाली केलं. दुपारी स्वयंपाकघरात ऊन येतं. मधल्या दाराच्या वर भिंतीला एक छोटीशी चीर आहे, आणि मागच्या भिंतीला मालकानं आमच्यासाठी म्हणून ताजा रंगही काढून दिलाय.

दलाल सारखा हसत असतो. मी त्याचं नाव हसरा ठेवलंय. तो म्हणतो, असं घर या किमतीला पुन्हा मिळणार नाही. तुमचे चिरंजीव म्हणतात, 'दादांना विचार.' ते स्वतः विचारत नाहीत, कारण त्यांना तुमची अजून भीती वाटते. वर्कशॉपमध्ये हाताखालच्या माणसांवर ओरडणारा माणूस, पण तुम्हाला पत्र लिही म्हटलं की त्याला कामं आठवतात.

कळवा काय करू.

तुमची सून


११ फेब्रुवारी

सूनबाई,

पत्र मिळालं. त्यात कठड्याचं वर्णन आहे, उन्हाचं आहे, खिडक्यांचं आहे. घराचं नाही.

मालकानं तुमच्यासाठी रंग काढून दिला हे वाचून मला हसू आलं. विकायच्या घराची एकच भिंत कुणी प्रेमानं रंगवत नाही. त्या भिंतीला नाक लाव. ओल असेल तर रंगाच्या वासाखालून कुबट वास येतोच. मग नाणं घेऊन गिलाव्यावर ठोकत जा. जिथे पोकळ वाजेल तिथे खडूनं खूण कर. हसऱ्याला बाहेर उभा कर, तो बरोबर असला की तुला काही ऐकू यायचं नाही.

सगळी दारं लावून बघ. जे दार अडेल त्याच्या वरची भिंत बघ. 'छोटीशी चीर' म्हणजे काय? सरळ की तिरकी? वर रुंद की खाली? नख जातं की नाही? हे लिहायचं सोडून तू छोटीशी म्हणतेस. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओत आणि ते कुठे जातं ते बघत उभी राहा. वरच्या मजल्याच्या छताचे वासे माझ्या चिरंजीवांना स्क्रू-ड्रायव्हरनं टोचायला सांग. आत गेला तर लाकूड कुजलंय. लाँड्रीवाल्याशी बोल. मालक लपवतो ते शेजारी हौसेनं सांगतो.

आणि मुख्य गोष्ट तू लिहिलीच नाहीस. कुठल्या खोलीत कोण राहणार? नोकरीत असतानासुद्धा हे विचारल्याशिवाय मी कागदावर सही केली नाही. साहेब चिडायचे, म्हणायचे, तुम्हाला भिंती तपासायचा पगार मिळतो. पण एकाला चांगलं असलेलं घर दुसऱ्याला तुरुंग होतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही दोघं वर झोपणार, पुढे बसायची खोली, हे समजलं. मागची खोली कुणासाठी? ते कळल्याशिवाय माझ्याकडून हो-नाही काहीही मिळणार नाही.

दादा


२० फेब्रुवारी

दादा,

तुमची शाळा पार पाडली. आता निकाल ऐका.

रंगवलेल्या भिंतीला नाक लावलं आणि शिंकतच बाहेर आले. ओल आहे. कमरेपर्यंत नाणं पोकळ वाजतं, त्याच्या वर ठीक. बादलीतलं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात जाऊन बसलं आणि तिथेच मुरलं, म्हणजे ओल कुठून येते तेही कळलं. वरचा एक वासा गेलाय. तुमच्या चिरंजीवांनी इतक्या जोरात टोचलं की स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत, आणि चेहरा असा की जणू त्यांनीच घर पाडलं. बाकीचे वासे पक्के आहेत. जिन्याखाली वाकले तर कोळी सोडून काही नव्हतं.

चीर मधल्या दाराच्या कोपऱ्यापासून तिरकी वर जाते. वर रुंद, नख जातं. दार अडतं. आता छोटीशी म्हणत नाही.

लाँड्रीवाला एकदम बोलका निघाला. त्याचं म्हणणं, मागे रस्त्याखालचा पाण्याचा मोठा पाइप फुटला होता, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या घरांना भेगा पडल्या. त्याच्या भिंतीलाही आहे. त्याच्या मते पुढे ती वाढली नाही. पण तो स्वतःच म्हणाला, 'माझं ऐकू नका, मला इस्त्रीतलं कळतं.'

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मागची खोली आईसाठी. म्हणजे माझ्या आईसाठी. ती हल्ली थकलीय, माझ्या भावाकडे तिसऱ्या मजल्यावर चढ-उतार तिला झेपत नाही. अजून काही पक्कं नाही, नुसता विचार आहे. तेवढं धरून सांगा, ती खोली चालेल का?

हसरा आता कमी हसतो. खडूच्या खुणा बघून म्हणाला, 'मॅडम, तुम्ही घर घ्यायला आलात की परीक्षा घ्यायला?'

तुमची सून


२७ फेब्रुवारी

सूनबाई,

या वेळचं पत्र वाचता आलं. लॅबमध्ये रक्त तपासतेस ते नीट तपासत असशील अशी खात्री पटली.

विहीणबाईंना आणणार हे वाचून बरं वाटलं. त्या माणूस मोकळ्या आहेत. शिवाय माझ्या ओळखीत त्या एकट्याच अशा आहेत, ज्यांचं बोलणं मला कानात यंत्र न घालता ऐकू येतं.

त्यांच्या दृष्टीनं मागची खोली चांगली आहे. रस्त्यापासून लांब, गल्लीचा गोंगाट नाही. त्यांची झोप सावध आहे, त्यांना शांतता लागेल. स्वयंपाकघर शेजारी म्हणजे त्यांना तुला सूचना देणंही सोपं. मात्र आहे तशी खोली देऊ नका. कमरेइतका गिलावा काढून टाका, बाथरूमची फरशी उखडून उतार नव्यानं द्या, भिंत उघडी ठेवून चांगली सुकू द्या आणि मगच गिलावा करा. गवंडी घाई करेल. करू देऊ नका. फरशी खरखरीत घ्या, गुळगुळीत नको. पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला धरायला दांडी लावा, तुटक नको, सलग हवी. मध्येच दांडी संपली की म्हातारा माणूस हात पुढे करतो आणि तिथेच पडतो. दिव्याचं बटण पलंगावरून हाताला आलं पाहिजे. खिडकी खाली घ्या, पडल्या पडल्या आभाळ दिसेल इतकी. दार बाहेर उघडणारं ठेवा. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही.

आता चिरेचं. लाँड्रीवाल्याचं म्हणणं खरंही असेल, पण भिंतीलाच विचारलेलं बरं. काचेची पातळ पट्टी घे, चिरेवर आडवी ठेव आणि दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की बसव. भिंत अजून हलत असेल तर काच तडकते. महिनाभर काच शाबूत राहिली तर चीर जुनी, भरून घ्यायची आणि विसरायचं. तडकली तर तो कठडा विसरायचा.

दांडीची उंची माणसाच्या कोपरावर ठरते. ती मी विहीणबाईंनाच विचारून घेतो. तू मध्ये पडू नकोस, तू अंदाजे सांगशील.

दादा


१६ मार्च

दादा,

तुमचं पत्र इथे येऊन पडलं होतं, पण लॅबच्या कामासाठी मी बाहेरगावी होते, काल रात्री परतले. आईला पत्र पाठवलं नसेल तर कृपा करून राहू द्या. ती उगीच गोंधळेल. उंची मी मोजून कळवते.

काच चिरेवर बसवलीय. मी नसताना तुमच्या चिरंजीवांनी बसवली, आणि ते रोज कामावर जाताना वाट वाकडी करून ती बघून येतात. मालक म्हणाला, 'हे काय लावलंय?' त्यावर यांनी सांगितलं, 'माझ्या वडिलांनी सांगितलंय.' मालकानं काढली नाही.

खोलीबद्दल तुम्ही इतकं बारीक लिहिलंत की मी ते पत्र दोनदा वाचलं. सगळं तसंच करू.

पण आईला पत्र नको हं दादा.

तुमची सून


२२ मार्च

सूनबाई,

विहीणबाईंचं उत्तर आलं. त्यांचेच शब्द उतरवतो. 'मी मुलाकडे मजेत आहे. माझं कोपर मोजायचं तुम्हाला काय सुचलं? ती खोली तुमच्यासाठी बघतायत. सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हालाच नाही. आता रागावू नका आणि गुपचूप जा.'

मी रागावलोय.

मी सरळ प्रश्न विचारला होता. त्यावर तू खोटं उत्तर दिलंस आणि मी त्या उत्तरावर काम केलं. दांडी, खिडकी, दार, सगळं लिहिलं. तू ते गंमत म्हणून वाचत बसली असशील. माझ्या तोंडूनच माझी व्यवस्था लावून घ्यायची, ही कल्पना तुझी की माझ्या चिरंजीवांची? त्याच्या डोक्यातून एवढं निघणार नाही, तेव्हा तुझीच.

घराबद्दल यापुढे मला लिहू नये.

दादा


२६ मार्च

दादा,

लिहू नये म्हणालात तरी लिहिते आहे. फाडून टाकायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाडा.

कल्पना माझीच. खोटं बोलले, हेही कबूल. पण गंमत म्हणून मी काही वाचलं नाही. 'मध्येच दांडी संपली की म्हातारा माणूस हात पुढे करतो' हे वाचलं आणि मला रडू आलं, कारण डिसेंबरात तुम्ही कसे पडलात हे तुम्ही आम्हाला सांगितलं नव्हतंत, ते त्या वाक्यात मला दिसलं. आईच्या नावानं का होईना, तुम्हाला काय लागतं ते पहिल्यांदा तुम्ही सांगितलंत. एरवी विचारलं की तुमचं एकच, मला काही नको.

तुम्ही म्हणता, पाहुणा म्हणून राहणार नाही. तुम्हाला पाहुणा कोण म्हणतंय? पाहुण्यासाठी कुणी फरशी उखडत नाही. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या घरात मला पहिल्या दिवशी तुम्ही कपाटाची किल्ली दिलीत आणि म्हणालात, 'अर्धं तुझं, भांडू नका.' मग मी तुम्हाला एक खोली दिली तर माझं एवढं काय चुकलं?

आम्हाला तुम्ही हवे आहात. यांनाही. ते म्हणणार नाहीत, तुमचाच मुलगा आहे. रोज ती काच बघायला जातात आणि घरी येऊन सांगतात, 'शाबूत आहे,' आणि त्यांचा चेहरा बघितला तर तुम्हाला कळेल, ते भिंतीबद्दल बोलत नाहीयेत.

तुमची सून


५ एप्रिल

वहिनी,

आधीच सांगते, मी काही फोडलं नव्हतं. तुझ्या आईसाहेबांनी फोडलं.

दादा माझ्याशीही धड बोलत नाहीत. काल गेले तर दार सताड उघडं टाकून जेवत बसले होते. मी म्हटलं, 'दार तरी लावा.' तर म्हणाले, 'असू दे.' तुझं पत्र उशीखाली होतं. मी विचारलं, काय ठरवलंत? त्यावर म्हणाले, 'तुला बांधकामातलं कळतं का?' नाही म्हटलं. 'मग चहा कर.' यावरून काय समजायचं ते तूच समज. मला तर वाटतं, नाहीच म्हणतील.

ताई


६ एप्रिल

दादा,

दोनच ओळी. महिना झाला, काच तडकलेली नाही. मालकाकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय आणि त्याला नाकबिक लावायचं नाहीये. मालक पंधरा तारखेपर्यंत आमच्यासाठी थांबतोय. तुम्ही येणार नसाल तर आम्ही हे घर सोडून देतोय. दोघांना एवढं घर लागत नाही, आणि ती खोली रिकामी बघत राहणं मला जमणार नाही.

तुमची सून


१० एप्रिल

सूनबाई,

घर पास. चीर जुनी आहे. कुजलेला वासा बदला, मागची ओल मी सांगितली तशी काढा. किंमत ठरवताना मालकाला वासा आणि बाथरूम दोन्ही दाखवा, हसऱ्यासमोर. अजून थोडी खाली येईल.

मागची खोली नापास.

आता हे नीट वाच, रागानं लिहीत नाहीये. राग गेला. ती खोली मी विहीणबाईंसाठी पास केली होती. शांत आहे, रस्त्यापासून लांब आहे, हे त्यांच्यासाठी गुण. तू राहणाराच माणूस बदललास, तेव्हा मला पुन्हा पहिल्यापासून तपासणं भाग होतं. त्यात हे दिवस गेले. मी नकाशा काढला आणि त्या खोलीत स्वतःला बसवून बघितलं.

मला ऐकू येत नाही. हे मी आजवर असं सरळ कुणाला लिहिलेलं नाही. यंत्र घातलं की भांड्यांचा खणखणाट ऐकू येतो, माणसं नाहीत. तुमच्या घरात तू कामावरून आलीस, तो आला, कुणी हाक मारली, जिन्यावर कुणाची पावलं वाजली, यातलं काहीही मागच्या खोलीत मला कळणार नाही. घर माणसांनी भरलेलं असेल आणि मला वाटेल, घरात कुणीच नाही. तसं तर मी इथेही राहतोच. इथे निदान मी दार उघडं ठेवतो, म्हणजे जिन्यावरून जाणारं माणूस दिसतं. दिसलं नाही तर माझ्या लेखी ते आलंच नाही. शांततेचं मला काय कौतुक, ती मला फुकट मिळते.

मला पुढची खोली हवी. उंच खिडक्यांची, रस्त्यावरची. तिथून बाहेरचं दार दिसतं आणि जिनाही दिसतो. तुम्ही आलात-गेलात की मला दिसेल. लाँड्रीवाला दिसेल, सायकलवाला दिसेल. गोंगाट कितीही होऊ दे, मला त्याचा त्रास नाही. मला कल्पना आहे की घरातली सगळ्यात चांगली खोली मागतोय, आणि आल्या-गेल्याला बसवायला तुम्हाला जागा उरणार नाही. त्यांना माझ्या पलंगावर बसवा. मागची खोली तुम्ही घ्या, नाहीतर बसायला करा. बाथरूमपर्यंतची दांडी आता लांब लागेल, पुढून मागेपर्यंत, जिन्यापाशी तुटू द्यायची नाही. माझं कोपर ताईकडून मोजून घेतलंय, आकडा पाठीमागे लिहिलाय.

माझ्या चिरंजीवांना सांग, काच आता काढली तरी चालेल.

हो की नाही ते लगेच कळव. इथल्या घरमालकाला खोली सोडायची तर महिनाभर आधी सांगावं लागतं, आणि मी त्याला कालच सांगून मोकळा झालोय.

दादा